राखणदाराचं जेवण

"तो अंडी तोंडात घेईल. तुला वाटेल, खातोय. खात नाहीये. हात घालायचा नाही," आत्या म्हणाल्या होत्या. "आणि पिल्लं आपली आपण पोहायला लागली की त्याला लगेच बाहेर काढायचं आणि खायला घालायचं. हे दुसरं कुणाच्या लक्षात राहत नाही. ऐकते आहेस ना, सूनबाई?"

"हो हो," मी म्हणाले.

मी ऐकत नव्हते. बाळाच्या मानेवर एक लाल ठिपका दिसला होता आणि तो सकाळी होता की नव्हता, हे मी आठवत होते. ते घामोळं निघालं. पण आत्यांचं बोलणं या कानाने आलं, त्या कानाने गेलं ते गेलंच.

या माझ्या नवऱ्याच्या आत्या. तो चार वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि आत्यांनी त्याला वाढवलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्या बाल्कनीत फायटर मासे वाढवतात. चाळीसेक काचेच्या बरण्या, प्रत्येकीत एक नर, आणि दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठा. पुठ्ठा नसला तर ते दिवसभर एकमेकांकडे बघून पंख फुलवत बसतात आणि दमून जातात. "माणसांमध्येही घालावा कधीकधी," असं त्या म्हणतात. आमच्या घराच्या मागच्या गल्लीतच राहतात, पण तळमजल्यावर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि आत्यांचे गुडघे एका मजल्यापुढे जात नाहीत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. नवरा माझा लिफ्ट दुरुस्त करतो. यावरचे सगळे विनोद आमचे करून झालेले आहेत.

माशांची जोडी आत्यांनीच दिली. कारण मला तोंडावर सांगितलं नाही, भाच्याला सांगितलं, आणि त्याने निरागसपणे मला येऊन सांगितलं: "आत्या म्हणते, हिला बघायला दुसरं काहीतरी दे. नाहीतर पोरीला बघून बघून झिजवेल."

मी चिडले. पण खोटं नव्हतं. बाळ पाच महिन्यांचं होतं आणि पाच महिने मी ते बघत होते. श्वास, रंग, नखं, टाळू, शीचा घट्टपणा. मी डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. दुधाचे नमुने येतात, मी तपासते. तिथे एकच नियम आहे, शंका आली की बाजूला. खात्री करत बसायचं नाही, आधी तो माल बाजूला काढायचा, मग काय ते बघायचं. सात वर्षं हे केलं की हात आपोआप चालतो. आत्या मला तपासनीसबाई म्हणतात, आणि मला ते कधी फार लागलं नव्हतं. उलट थोडा अभिमानच होता.

नवऱ्याने बाळाला उचललं की माझे हात पुढे व्हायचे. मान नीट धरली नाहीये. झबलं वर गेलंय. इतकं हलवू नकोस. दे इकडे. तो द्यायचा. तो बोलतच नाही फारसा. आत्यांनी लहानपणी त्याचं नाव गप्प्या ठेवलं होतं ते उगाच नाही. बाळाचं नाक लिफ्टच्या बटणासारखं आहे म्हणून तो तिला बटण म्हणतो. कामावरून आला की हात कोपरापर्यंत धुऊन दाराशी उभा राहायचा आणि विचारायचा, "बटणाला घेऊ?" मी म्हणायचे, "आत्ताच झोपलीये," किंवा "आत्ताच जागी झालीये." दोन्ही वेळा उत्तर एकच असायचं. हळूहळू त्याने विचारणं सोडलं. मला वाटलं, बरं झालं, आता समजूतदार झाला.

यात एक अडचण होती. माझ्या पित्ताशयात खडे झाले होते.

बाळंतपणानंतर दुसऱ्या महिन्यात पहिल्यांदा दुखलं तेव्हा मी न्हाणीघरातल्या फरशीवर आडवी झाले आणि बाळ बाहेर पलंगावर रडत होतं. अर्ध्या तासाने उठले. दुसऱ्यांदा दुखलं ते पाऊण तास. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "दुर्बिणीतून करू. दोन रात्री राहायचं, तिसऱ्या दिवशी घरी. पण एखादा खडा निसटून नळीत अडकला ना, तर मग तारीख तुम्ही ठरवणार नाही. कळतंय का?"

कळत होतं. मी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा मोडली. पहिल्यांदा सांगितलं, बाळाला सर्दी आहे. दुसऱ्यांदा नवीन कारण सुचेना म्हणून पुन्हा सर्दीच सांगितली. माझी आई दूर, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांपाशी अडकलेली. आत्यांचे गुडघे असे. उरला एकच माणूस.

"मी आहे ना," तो दोन्ही वेळा म्हणाला होता.

"तू आहेस म्हणूनच," असं मी एकदा म्हणून गेले. तो हसला, मीही हसले. हसण्यावारी गेलं असं मला वाटलं.

तिसरी तारीख गुरुवारची होती. ती मोडण्याची तयारी मी मनात आधीच सुरू केली होती.

त्याआधीच्या रविवारी मासे जोडीने सोडले.

आत्यांची पद्धत अशी. टाकी साधी, तळाला वाळू नाही की दगड नाही. पाणी वीतभर, कोमट. थर्माकोलचा पेला उभा अर्धा कापायचा आणि पन्हाळीसारखा पालथा पाण्यावर टेकवायचा. नर निळा, अंगापेक्षा पंखच मोठे. मादी विटकरी आणि बुटकी. तिला सरळ सोडायचं नाही. कंदिलाची जुनी काच पाण्यात उभी करायची आणि तिला त्या काचेच्या आत ठेवायचं. म्हणजे दोघं एकमेकांना दिसतात, पण नराला तिला चावता येत नाही. दोन दिवस नर तिच्यासमोर पंख फुलवून नुसता मिरवत होता. मग अचानक तो कामाला लागला. पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यायचा आणि पेल्याखाली जाऊन बुडबुडे सोडायचा. एकेक बुडबुडा थुंकीने चिकट केलेला. शनिवारी रात्रीपर्यंत पेल्याखाली पांढऱ्या फेसाची गादी तयार झाली होती.

"मादीच्या अंगावर उभे पट्टे आले का?" आत्यांनी रविवारी सकाळी फोनवर विचारलं.

"आले."

"मग काच उचल. आणि मागे हो. सगळीकडे तुझं नाक नको."

दुपारी नर मादीभोवती अर्धवर्तुळासारखा वळला आणि त्याने तिला आवळून धरलं. क्षणभर दोघं निपचित पडल्यासारखे तरंगत राहिले. मग तिच्या पोटाखालून खसखशीसारखी पांढरी अंडी खाली सांडू लागली. नर भानावर आला, खाली झेपावला, एकेक अंडं तोंडात टिपून वर गेला. असं दोन तास चाललं. नवरा बाळाला खांद्यावर घेऊन बघत होता. मी थोड्या वेळाने बाळ त्याच्याकडून घेतलं, म्हटलं, तुझा हात अवघडला असेल. त्याचा हात अवघडला नव्हता.

संध्याकाळी नर मादीच्या अंगावर धावून जाऊ लागला. आत्यांच्या सांगण्यावरून मी मोठ्या डावाने तिला अलगद उचलून बरणीत घातलं आणि नवरा तिला आत्यांकडे पोचवून आला.

"आता चार-पाच दिवस सगळं त्याचं," आत्या म्हणाल्या. "तो बघून घेईल. तू आपली मजा बघ."

सोमवारी सकाळी नवरा कामावर गेला आणि मी बाळाला कडेवर घेऊन टाकीसमोर उभी राहिले. फेसाच्या गादीतून एक अंडं सुटून खाली येत होतं. नराने झडप घालून ते तोंडात घेतलं आणि पेल्याखाली गेला. परत आला. दुसरं अंडं तोंडात. मग तिसरं. पेल्याखाली काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की अंडं त्याच्या तोंडात जातंय आणि तोंड रिकामं होऊन परत येतंय. चौथ्यांदा तर त्याचे गाल हलताना दिसले.

शंका आली की बाजूला.

मी बाळाला पाळण्यात ठेवलं, डाव घेतला आणि नराला उचलून काचेच्या ग्लासात टाकलं. अख्खं काम अर्ध्या मिनिटात. आत्यांनी काय सांगितलं होतं ते मला आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. पुसटसं आठवलं. पण त्याच वेळी वाटलं, आत्यांची नजर आता पूर्वीसारखी नाही, त्यांना काय दिसणार, मी डोळ्यांनी बघतेय ना.

अर्ध्या तासाने गादीतून एक अंडं सुटलं, हळूहळू डुलत खाली आलं आणि तळाला पडलं. तिथेच राहिलं. मग दुसरं. दुपारच्या सुमाराला एका कोपऱ्यातले बुडबुडे एकदम फुटले आणि सात-आठ अंडी एकत्र खाली आली. उचलायला कुणी नव्हतं. मी पेला जरा तिरका केला, तेव्हा पहिल्यांदा मला आत दिसलं. फेसात अंडी दाटीवाटीने बसवलेली होती, शेकड्याने. त्याने एकही खाल्लेलं नव्हतं. पडलेलं प्रत्येक अंडं तो परत नेऊन ठेवत होता.

ग्लासातला नर काचेवर तोंड आपटत होता.

मी आत्यांना फोन केला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी वेळ विचारली.

"किती वेळ झाला काढून?"

"तीन तास होतील."

"अगं, ते घरटं म्हणजे थुंकीचे बुडबुडे. ते फुटणारच. तो सारखे नवे करतो म्हणून टिकतं. परत सोड त्याला."

"आता खाणार नाही ना तो?"

"ते मी सांगू शकत नाही. सकाळी विचारलं असतंस तर छातीठोक सांगितलं असतं. एकदा आपण उचलून बाजूला केलं ना, की बिथरतात ते. आपलं काम आपलं वाटेनासं होतं त्यांना. सोड आणि वाट बघ."

मी सोडलं. तो एका कोपऱ्यात जाऊन पंख मिटून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर एक अंडं खाली आलं, त्याने बघितलं आणि तो हलला नाही. मी खुर्ची ओढून बसले. बाळाला दूध पाजलं, ढेकर काढली, तरी तो तसाच. हसू नका, पण मी माशाला सॉरी म्हणाले. मोठ्याने. बाळ माझ्याकडे बघून खुदकन हसलं.

जवळपास तासाभराने तो तळाशी गेला. एका अंड्याभोवती फिरला. ते तोंडात घेतलं. मी श्वास रोखून पेल्याचा कोपरा वर धरला. त्याने वर जाऊन ते फेसात ठेवलं, मागे सरकला आणि त्याखाली एक नवा बुडबुडा लावला. सुतार लाकडाखाली पाचर ठोकतो तसा. मग दुसरं आणायला गेला. काही अंड्यांवर बुरशी धरली होती, ती त्याने बाजूला टाकली. बाकीची, एकेक करत, वर.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बाळंतपणानंतर ते कशानेही येतं, पण हे तसलं नव्हतं.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो टाकीसमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला.

"किती गेली?"

"निम्मी तरी."

"हं." मग टाकीकडेच बघत म्हणाला, "मीपण सोडून दिलं होतं बघ मधे."

"काय?"

"तिला उचलायचं. मी घेतली की तू हात पुढे करतेस. मग ती माझ्याकडून तुझ्याकडे, मधल्या मधे दचकते बिचारी. म्हटलं, तिची ओढाताण कशाला. त्यापेक्षा नकोच उचलायला."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये का अडकली ते तो गिऱ्हाइकाला सांगतो, त्या सुरात त्याने हे सांगितलं. त्याने भांडण काढलं असतं तर मी उत्तर देऊ शकले असते. शहरभर अनोळखी माणसं रोज याच्या हातावर भरवसा ठेवून दहा-दहा मजले वर जातात. सात किलोचं बटण सांभाळायला तेवढे हात मला पुरेसे वाटले नव्हते.

"गुरुवारी," मी म्हणाले, "तू बघशील तिला?"

"मी आहे ना, असं दोनदा म्हटलंय मी."

"तिसऱ्यांदा म्हण."

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. "मी आहे ना."

मंगळवारी त्याने लवकर घरी येऊन बाळाला आंघोळ घातली. मी स्टुलावर बसले होते आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. त्याने टॉवेलची झोळी केली, झोळीसकट तिला टबात उतरवलं आणि झोळीच्या दोन्ही कडा एका मुठीत धरल्या.

"हे काय?"

"सुरक्षा दोर. हात सुटला तरी माल खाली जात नाही."

"माल?"

"म्हणजे बटण," तो घाईने म्हणाला.

तिच्या कानात पाणी जाईल असं मला तीनदा वाटलं. मी तीनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा फक्त "कान" एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "दिसतायत मला. दोन आहेत." बाळाने पाण्यावर हात आपटून त्याला नखशिखांत भिजवलं, आणि तो इतक्या मोठ्याने हसला की मला आठवावं लागलं, हा शेवटचा असा कधी हसला होता.

बुधवारी अंडी फुटली. पिल्लं म्हणजे एकेक स्वल्पविराम. शेपूट खाली, डोकं फेसाला चिकटलेलं. पोहता येत नाही, त्यामुळे सुटलं की बुडतं. नर खाली जाऊन तोंडात धरून परत आणून चिकटवायचा. एकाच वेळी चार सुटली तर चारही तोंडात घेऊन यायचा. मी त्याला खायला टाकलं, तर त्याने ढुंकूनही बघितलं नाही.

"खात नाही तो या दिवसांत," आत्या म्हणाल्या. "तोंडात पिल्लं असतात ना. खाणं आणि पोर यांत चूक नको म्हणून तोंडच बंद ठेवतो."

गुरुवारी मी गेले. फ्रिजच्या दारावर एकतीस सूचना चिकटवल्या, बर्फाच्या कप्प्यात माझं काढलेलं दूध, आणि त्याच्यासाठी पाच डबे. प्रत्येकावर चिठ्ठी: गुरुवार दुपार, गुरुवार रात्र, असं शनिवार दुपारपर्यंत. जिना उतरताना मी तीनदा थांबले. तिसऱ्यांदा वरून त्याचा आवाज आला, "खाली जायची लिफ्ट वर येत नसते!"

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरीणबाईंनी बाटलीत घालून खडे दाखवले. मिऱ्यांएवढे होते, आणि एक नळीच्या तोंडाशी येऊन बसला होता. "अजून एक सर्दी झाली असती ना बाळाला," त्या म्हणाल्या, "तर आपण वेगळ्या ठिकाणी भेटलो असतो." मी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांना ते आवडलं नसावं, पण त्यांनी सोडवून घेतले नाहीत.

दोन दिवसांत मी घरी अकरा फोन केले. दूध प्यायली का, शी झाली का, ताप नाही ना, बाजूला उशी लावलीस ना. तो सगळ्याला "हो" म्हणायचा, आणि मग "सगळं चालू आहे". हे तो लिफ्टबद्दलही म्हणतो.

शनिवारी दुपारी तो बाळाला छातीशी बांधून मला न्यायला आला. बाळ गुटगुटीत, तेल लावल्यासारखं तुकतुकीत. मला बघून आधी हसलं, मग रडलं. टॅक्सीत मी तिचे पाय हातात धरून बसले होते. त्याची दाढी वाढलेली दिसली, पण घाईत राहिली असेल असं वाटलं. घरी फ्रिजवर माझ्या एकतीस सूचनांशेजारी एक तक्ता होता. लिफ्टच्या तपासणीचा छापील कागद, त्यावर पेन्सिलीने: २.१० दूध, ३.४० रडणं, कारण नाही, ४.०० झोप, खांद्यावर. दोन दिवसांची एकही ओळ रिकामी नव्हती. शेरा या रकान्यात प्रत्येक वेळी "ठीक", आणि एकदाच, शुक्रवारी सकाळी, "हसली. खूप वेळ."

तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

मी पलंगावर टेकते न टेकते तोच आत्यांचा फोन. "कशी आहेस? छान. पोर? छान. आता सांग, पिल्लं आडवी पोहायला लागली का?"

मी मान वळवून बघितलं. टाकीभर पिल्लं सुटी पोहत होती. "लागली."

"मग काढलंस का त्याला?"

दुसरी गोष्ट. जी कुणाच्या लक्षात राहत नाही ती.

नर अजून कामावर होता. त्याचा निळा रंग उडून राखाडी झाला होता, पोट आत गेलं होतं. एकेका पिल्लाला तोंडात धरून तो घरट्यात नेत होता आणि पिल्लू पुढच्या क्षणी सुटून चालू लागत होतं. त्यांना आता त्याची गरज नव्हती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी पोटाला हात धरून उठले आणि त्याच डावाने त्याला दुसऱ्यांदा उचललं. या वेळी वेळ बरोबर होती. तो निमूट बरणीत गेला.

त्याचं खाणं फ्रिजमध्ये, वरच्या कप्प्यात असतं. मी दार उघडलं आणि समोर माझे डबे दिसले.

गुरुवार दुपार. गुरुवार रात्र. शुक्रवार दुपार. पाचही, चिठ्ठ्यांसकट, झाकणं मी लावली होती तशीच.

मी वळले. तो बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभा होता आणि उभ्या उभ्याच डुलत होता.

"जेवलास का तू?"

"हो."

"काय?"

तो विचार करू लागला. "बिस्किटं," तो म्हणाला. "होती ना ती, चहाबरोबरची."

"दोन दिवस? अरे, डबे भरून ठेवले होते मी!"

"एका हातात ती होती," तो म्हणाला. "डबा उघडायला दोन हात लागतात."

"खाली ठेवायचं तिला!"

"ठेवली की रडायची. आणि..." त्याने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तू नव्हतीस ना बघायला. म्हणून म्हटलं, आपणच बघावं. तुझ्यासारखं. ठेवली आणि काही झालं असतं तर?"

मी पाच महिने त्याला शिकवलं होतं ते हेच. तो शिकला होता.

"कुणी विचारलं नाही तुला? इतके फोन आले असतील."

"आले की. कितीतरी. ती कशी आहे, बाळ कसं आहे. मी सांगायचो, छान." त्याने बाळाच्या पाठीवर थोपटलं. "छानच होतात तुम्ही दोघी."

अकरा फोन माझेही होते. मी आठवून बघितलं. अकरातल्या एकातही मी विचारलं नव्हतं.

मी दोन डबे गरम केले. भात आणि भाजी, साधीच. ओझं उचलायला मला मनाई होती, म्हणून मांडीवर उशी घेऊन बसले आणि त्याने बाळ उशीवर ठेवलं. मग तो माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि जेवला. दोन्ही हातांनी. पहिले चार घास त्याने मान वर न करता खाल्ले. नंतर दुसरा डबा स्वतःच ओढून घेतला. ओट्यावरच्या बरणीत निळा मासा पाण्यावर तरंगणारा एकेक कण गट्ट करत होता. घरात इतकी शांतता मी किती तरी दिवसांत ऐकली नव्हती. बाळ श्वास घेत होतं की नाही, ते मी एकदाही बघितलं नाही. म्हणजे एकदा बघितलं.

संध्याकाळी आत्यांना फोन करून सांगितलं, "दोघंही जेवले."

"दोघं? मी एका माशाबद्दल विचारत होते."

"खरंच फक्त माशाबद्दल, आत्या?"

मग त्या म्हणाल्या, "लहानपणी तो शेजारी कुठे गेला ना, की कुणी वाढलं तरच खायचा. मागायचा नाही कधी. आई नसलेलं पोर, सगळ्यांना वाटायचं, किती शहाणं आहे, काही त्रास नाही याचा." आणि लगेच पुढे, "बरं केलंस. पण पिल्लांना डबक्याचं पाणी घाल दिवसातून चारदा, त्यातले बारीक जीव खातात ती, नाहीतर सगळी मरतील. ऐकते आहेस ना?"

"ऐकतेय," मी म्हणाले. या वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते.

पिल्लांतली एकोणचाळीस जगली. बटण आता सरपटत टाकीपर्यंत जाते आणि काचेला नाक लावते. आत्यांना आम्ही रविवारी खुर्चीत बसवून वर आणतो; नवरा आणि त्याचा कामावरचा जोडीदार दोन बाजूंनी खुर्ची धरतात आणि आत्या प्रत्येक मजल्यावर "थांबा, दार बंद करा" असं ओरडतात. मी परत डेअरीत जाऊ लागले. शंका आली की तिथे अजूनही बाजूला काढते, दुधापुरतं.

आता तुमच्यासाठी एक काम आहे. तुमच्या ओळखीत कुणाकडे नुकतं बाळ आलं असेल, किंवा कुणी आजारी माणसाचं करत असेल, तर तिथे जाऊन या. बाळ बघा, आईची विचारपूस करा, ती राहू देऊ नका. पण निघताना जो तुम्हाला जिन्यापर्यंत सोडायला येतो, पाणी आणून देतो आणि "सगळं छान आहे" म्हणतो, त्याच्यापाशी जरा थांबा. जेवलास का, विचारा. तो हो म्हणेल. मग काय जेवलास, ते विचारा. आणि त्याला आठवायला वेळ लागला, तर त्याच्या हातात जे काही असेल ते थोडा वेळ तुम्ही धरा.